सायलेंट व्हॅलीची वनसृष्टी

पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, केरळातील पलक्कड जिल्ह्यात, सायलेंट व्हॅली हे सदाहरित वर्षावन आहे. तेथील कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना १९७०च्या दशकात पुढे आली. त्यावर देशभर चर्चा झाली. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीही हे वन राखण्याचा आग्रह धरला. अखेर १९८३ मध्ये योजना सोडून देण्यात आली आणि १९८४ मध्ये सुमारे ८९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. या वनात राखण्याजोगे काय होते, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

वर्षावनातील दाट हिरवाई पाहून तेथील जमीन अतिशय सुपीक असावी असे वाटते. वस्तुतः मुसळधार पावसाने मातीतील पोषकद्रव्ये सतत धुऊन जातात. गळालेली पाने बुरशी व वाळवी यांच्यामुळे लवकर कुजतात आणि त्यांतील सत्त्व झाडांची उथळ मुळे लगेच शोषून घेतात. म्हणजे या वनाची बरीचशी संपत्ती मातीत नसून सजीवांत साठलेली असते. वृक्ष गेले की तीही जाते.

उंच वृक्षांच्या एकमेकांत गुंतलेल्या शेंड्यांवर सिंहपुच्छ वानराचे जीवन चालते. काळे अंग, चेहऱ्याभोवती करडी आयाळ आणि शेपटीला झुपका असलेला हा प्राणी केवळ पश्चिम घाटातच आढळतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. इतर फळे दुर्मीळ असतात तेव्हा कुलेनिया वृक्षाच्या फांद्यांवर लगडणारी फुले त्याची भूक भागवितात. पुढे त्याच वृक्षाच्या काटेरी फळांतील बियाही तो खातो. मोठा धनेश पक्षी वडा-उंबराच्या जातीची फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर पसरवितो. मात्र घरट्यासाठी त्याला जुन्या वृक्षाची ढोली लागते.

अशा वनातून एखादा रुंद पट्टा मोकळा केला, तर वृक्षांची एकूण संख्या फारशी घटत नाही. परंतु वानरांचे कळप दोन बाजूंना अडकून पडतात. म्हणून वृक्षांच्या संख्येइतकेच त्यांच्या सलगतेला महत्त्व आहे. आपल्या सह्याद्रीतील देवरायांनाही हे लागू पडते. देवराईजवळून रस्ता आखताना ग्रामपंचायतींनी ही बाब ध्यानी घ्यावी, आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ढोलीच्या एखाद्या जुन्या झाडाखाली नेऊन त्याच्या आधाराने कोण कोण जगते, याची नोंद करावयास लावावी.