बागेतील वाट व घनफळाचा पाठ

वऱ्हाडातील काळी जमीन पावसात चिखल होते. म्हणून शाळेच्या बागेतील वाटेवर मुरूम घालावा लागतो. तो किती लागेल, हे मुलांकडूनच काढवून घ्यावे. वाट ४० फूट लांब, ३ फूट रुंद व थर ४ इंच असल्यास काही मुले ४० × ३ × ४ असा गुणाकार करून ४८० घनफूट उत्तर देतात. येथे शिक्षकाने थांबावे. ४ इंच म्हणजे १/३ फूट. घनफळ ४० घनफूटच येते. धुम्मस मारल्यावर मुरूम दबतो, यास्तव चौथाई अधिक धरावा : ५० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे अर्धा ब्रास पुरे. मापे एकजात न केल्यास गावाच्या वर्गणीतून सुमारे दसपट मुरूम येऊन पडला असता, हे मुलांना दाखवून द्यावे.