आधी माणूस, मग कपडा
(कौटुंबिक धर्मशिक्षण : आईवडील व मुलांनी एकत्र वाचण्यासाठी)

वाचन : याकोब २:१-४, १ शमुवेल १६:१-१३, लूक २:८-१२



नाताळ जवळ आला आहे. शेतात धानाचे पुंजणे रचले गेले आहेत, काहींची मळणी आटोपली आहे, तर काहींचे चुकारे अजून हाती पडायचे आहेत. चामोर्शीच्या बाजारातील कापडाच्या दुकानांसमोर आता गर्दी वाढेल. लहान मुले आईच्या पदराला धरून हा फ्रॉक हवा, तो शर्ट हवा असा हट्ट धरतील. सणाला नवे कपडे घ्यावेत यात काहीच वावगे नाही. आनंद अंगावरही दिसावा असे माणसाला वाटतेच. परंतु या दिवसांतच आपल्या मुलांच्या मनात एक विचार नकळत घर करतो, "ज्याचा कपडा भारी, तो माणूस मोठा." म्हणून या रविवारी आपण याच विषयावर थोडे चिंतन करू या.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी सेवेत होतो. नाताळच्या मिस्सेत अर्पणाच्या मिरवणुकीसाठी आठ मुले निवडायची होती. वेळ थोडा होता. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गावरून नजर फिरवली आणि "तू ये, तू ये" म्हणत मुले उभी केली. वर्ग सुटल्यावर तेथील धर्मभगिनी हळूच म्हणाल्या, "फादर, तुम्ही निवडलेल्या आठही मुलांच्या अंगावर चांगले कपडे आहेत, हे लक्षात आले का?" आमच्या लक्षात आले नव्हते. सर्व प्रार्थना तोंडपाठ असलेली एक मुलगी त्याच वर्गात बसली होती. ती शाळेच्या गणवेशात आली होती आणि तिची एक बाही उसवलेली होती.

पुढचे दोन रविवार ती मुलगी वर्गाला आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो. आई अंगणात भांडी घाशीत होती. ती संकोचून म्हणाली, "पोरगी म्हणते, नवा फ्रॉक असंल तवाच जातो, फादर."

देव कपडे पाहत नाही, हे आम्ही त्या वर्गात कितीतरी वेळा शिकवले होते. पण मुलीने आमच्या तोंडचा धडा घेतला नाही, आमच्या बोटाचा घेतला. पुढे ती परत आली, परंतु बरेच महिने शेवटच्या बाकावरच बसत असे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतही हेच घडत होते. संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग डोळ्यांसमोर उभा करतात. उपासनेच्या ठिकाणी दोन माणसे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आणि अंगावर झुळझुळीत वस्त्रे आहेत. दुसरा मळक्या कपड्यांतला गरीब आहे. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायांपाशी बसायला सांगितले जाते. हे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. संत याकोब त्या श्रीमंताला रागावत नाहीत, चांगले वस्त्र घालणे हे पाप आहे असेही म्हणत नाहीत. त्यांचा रोख जागा दाखविणाऱ्यावर आहे. दोष कपड्यात नसून पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

शमुवेल संदेष्ट्यासारख्या देवाच्या माणसाचीही नजर अशीच फसली होती. इशायचा थोरला मुलगा एलियाब याची उंची आणि रूप पाहून हाच राजा होणार असे त्यांना वाटले. तेव्हा देवाने त्यांना समजावले की, माणूस बाहेरचे पाहतो आणि देव अंतःकरण पाहतो. ज्याला निवडायचे होते तो दावीद तर घरातही नव्हता. तो रानात मेंढरे राखीत होता. त्याला बोलावून आणावे असे बापालाही सुचले नव्हते!

येथे शब्दांचीही एक गंमत सांगतो. इंग्रजीत माणसाला 'पर्सन' म्हणतात. तो शब्द लॅटिन भाषेतील 'पर्सोना' यावरून आला. पर्सोना म्हणजे नाटकात नट तोंडावर घालत तो मुखवटा. परंतु पवित्र त्रैक्याचे व ख्रिस्ताचे रहस्य समजावून सांगताना ख्रिस्ती विचारवंतांनी या शब्दाला नवा आणि खोल अर्थ दिला. मुखवट्याचा शब्द मुखवट्यामागच्या माणसाचा झाला. कपडे बदलतात, वय बदलते, पैसा येतो आणि जातो, पण देवाने जिला नावाने हाक मारली ती व्यक्ती तीच राहते. आपल्या मुलांना हेच कळायला हवे.

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरमध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांनी घनदाट अरण्यात माडिया बांधवांची सेवा आरंभली. तेव्हा ना रस्ता होता, ना वीज. लोक बाहेरच्या माणसाला भीत असत, दूर पळत असत. त्यांच्या अंगावर लंगोटीएवढेच कापड असे. ज्यांना अंग झाकायला पुरेसे वस्त्र नाही त्यांच्यात आपण अंगभर कपडे घालून वावरावे, हे डॉ. प्रकाश यांच्या मनाला पटेना. त्यांनी शर्ट-पँट सोडली आणि अर्धी विजार व बनियान हाच आपला वेश केला. पुढेही तो कायम ठेवला.

मुलांनो, विचार करा. रुग्णाने त्यांना डॉक्टर म्हणून कशावरून ओळखले असेल? अंगावर पांढरा कोट नव्हता. ओळखले ते त्यांच्या हातांवरून, त्यांनी बांधलेल्या जखमेवरून आणि उतरलेल्या तापावरून. १९७६ मध्ये तेथे आश्रमशाळा सुरू झाली आणि अरण्यातील मुले शिकू लागली. २००८ साली या पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने त्यांचा सन्मान केला तो त्यांच्या कामासाठी.

मात्र याच ठिकाणी आपण थोडे सावध राहिले पाहिजे. डॉ. आमटे यांनी कपडे कमी केले ते स्वतःचे. ज्याच्याजवळ आहे त्याने साधे राहावे, हा त्याग झाला. पण ज्याच्याजवळ मुळातच नाही त्याला आपण "कपड्यात काय आहे?" असे म्हणू लागलो, तर तो उपदेश नव्हे, ती निष्ठुरता आहे.

आपल्या देशात शतकानुशतके माणसाचा कपडा पाहून त्याची जात ओळखली जाई. कोणी काय नेसावे, कोणता दागिना घालावा, हे इतरांनी ठरवले होते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, ज्या वेशावरून आणि दागिन्यांवरून तुम्हांला अस्पृश्य म्हणून ओळखतात तो वेश आणि ते दागिने टाकून द्या, लुगडे नेसण्याची रीत बदला, आणि वस्त्र जुने-फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. त्या स्त्रियांनी वेश बदलला तो मोठेपणा मिरवण्यासाठी नव्हे. "आम्हीही माणसे आहोत" हे जगाला दाखवण्यासाठी बदलला.

एकाने वस्त्र टाकले, दुसऱ्यांनी वस्त्र बदलले. दोन्ही ठिकाणी वस्त्राआधी माणूस होता. म्हणून प्रभू येशूने शेवटच्या न्यायाविषयी बोलताना उघड्याला वस्त्र देण्याची गोष्ट इतक्या गांभीर्याने सांगितली (मत्तय २५:३६). प्रभूने आपल्याला उघड्याच्या जागी स्वतःला पाहायला शिकवले आहे.

आता घरात काय करावे? काही साध्या गोष्टी सुचवितो.

१. दारात कोणी आले की मुले आपल्याकडे पाहत असतात. मोटारगाडीतून आलेल्याला खुर्ची आणि रोवणीच्या मजुरीचे पैसे मागायला आलेल्या बाईला पायरी, असे घडत असेल तर मुलाला वेगळा धडा शिकवायची गरज उरत नाही. तो शिकून चुकलेला असतो.

२. मुलांची स्तुती करताना "किती छान दिसतेस" एवढ्यावर थांबू नका. "आज तू धाकट्या भावाला सांभाळलेस, खरे बोललीस" हेही आवर्जून सांगा.

३. दुसऱ्याच्या कपड्यांवर मुलाने थट्टा केली तर हसून सोडून देऊ नका. त्याच दिवशी त्याला जवळ घेऊन समजावा.

४. कोणाला कपडे देणार असाल तर धुऊन, बटणे लावून, शिवण घालून द्या. जो आपण स्वतः घालणार नाही तो कपडा देऊ नका. घरी नेऊन द्या, चारचौघांत नको. देताना फोटो तर मुळीच काढू नका. घेणाऱ्या मुलाला उद्या त्याच शाळेत जायचे आहे.

५. ज्या पालकांना यंदा नवे कपडे घेणे जमणार नाही त्यांनी कर्ज काढू नये, आणि कपड्यांपायी मुलांना मिस्सेपासून दूरही ठेवू नये. धुतलेला गणवेश हा देवाच्या घरी येण्यासाठी पुरेसा चांगला पोशाख आहे.

आमच्याकडूनही एक शब्द देतो. यंदा नाताळच्या अर्पणासाठी मुलांची नावे धर्मशिक्षणाच्या हजेरीपटावरून ओळीने घेतली जातील. यंदा ज्यांची पाळी येणार नाही त्यांची ईस्टरला येईल. आमच्या नजरेवर आम्ही आता तेवढा भरवसा ठेवीत नाही.

शेवटी गोठ्याकडे पाहू या. मेंढपाळांना देवदूताने जी खूण सांगितली तीही कपड्याचीच होती. पण ती जांभळ्या राजवस्त्राची नव्हती. बाळंत्यात गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले एक बाळ, एवढीच ती खूण. कोणत्याही गरीब आईच्या बाळाला असते तेवढेच कापड राजांच्या राजाच्या अंगावर होते. आणि ज्यांना ती खूण सांगितली त्या मेंढपाळांच्या अंगावरही रानातलेच कपडे होते. ते जसे होते तसे निघाले. "आधी नवे कपडे घालून या," असे त्यांना कोणी म्हटले नाही.

स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्या प्रत्येकाला शुभ्र वस्त्र मिळाले. ख्रिस्ताला परिधान केल्याची ती खूण आहे (गलती ३:२७). त्या दिवशी वेदीपुढे श्रीमंताच्या आणि गरिबाच्या बाळाचे वस्त्र एकच होते. ते वस्त्र लहान पडत नाही की विटत नाही. आपल्या मुलांना ते रोज आठवणीत राहो.

घरी चर्चेसाठी :
१. तुमच्या वर्गात कपड्यांमुळे कोणी एकटे पडले आहे का? त्याच्याशी तुम्ही शेवटचे केव्हा बोललात?
२. आपल्या घरी आलेल्यांपैकी कोणाला आपण बसायला सांगितले नाही?
३. स्वतःविषयीची अशी कोणती गोष्ट आहे, जी नव्या कपड्यांनी वाढत नाही आणि जुन्या कपड्यांनी कमी होत नाही?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू बाळंत्यात गुंडाळलेला असताना मेंढपाळांनी तुला ओळखले. आमची नजर शुद्ध कर. आमच्या मुलांना स्वतःची लाज वाटू देऊ नकोस आणि दुसऱ्याला लाजविण्याची बुद्धी त्यांना देऊ नकोस. ज्यांच्याजवळ नाही त्यांना सन्मानाने देण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.

आपले, प्रभूच्या सेवेत,
धर्मगुरू