कार्ड बसेल, पण चालेल का?

जुन्या डेस्कटॉप संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड घालावयाचे ठरले की आपण दुकानदारास पहिला प्रश्न विचारतो तो 'हे माझ्या मशीनमध्ये बसेल का?' असा. दुकानदार 'बसेल की' म्हणतो, आणि त्याचे उत्तर खोटे नसते. कार्डासाठी लागणारा पीसीआय एक्स्प्रेस हा स्लॉट २००४ पासून डेस्कटॉपच्या मदरबोर्डांवर येऊ लागला आणि त्याचा आकार आजतागायत बदललेला नाही. त्यामुळे २०१२ सालच्या मदरबोर्डात २०२४ सालचे कार्ड सहज शिरते. परंतु बसणे वेगळे व चालणे वेगळे. या दोहोंमधील अंतर पैसे देण्यापूर्वी कसे मोजावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुळात कार्ड हवे कशाला, हे आधी पाहणे बरे. टॅली, एक्सेल, टंकलेखन, व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणे, या कामांना प्रोसेसरमध्येच असलेली चित्रव्यवस्था पुरते. कार्ड घातल्याने टॅलीची नोंद तिळमात्र लवकर होत नाही. यंत्र मंद चालते अशी तक्रार असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, फरक तेथे दिसतो. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आराखडे आणि (उगाच लपवाछपवी कशाला?) खेळ, यांसाठी मात्र कार्ड लागते.

आपल्या भागात विद्यार्थ्यांच्या घरी असणारा संगणक पुष्कळदा कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून फिरत आलेला असतो. उदाहरणादाखल डेलचा २०१२ सालचा ऑप्टिप्लेक्स ७०१० घेऊ. नावात सुद्धा सावध राहावयास हवे, कारण हेच नाव कंपनीने २०२३ मध्ये एका नव्या यंत्रास पुन्हा दिले. शिवाय २०१२ चे यंत्र एकाच नावाने निरनिराळ्या आकारांच्या कॅबिनेटमध्ये विकले गेले. उभ्या मोठ्या कॅबिनेटमध्ये २७५ वॅटचा एसएमपीएस आहे, तर लहान चपट्या कॅबिनेटमध्ये २४० वॅटचा. म्हणून केवळ मॉडेलचे नाव सांगून कार्ड मागू नये. कॅबिनेट उघडून पाहावे.

स्लॉटच्या बाबतीत चिंता थोडी. पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात; नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये जुन्या वेगाने चालते. सोळा मार्गिकांच्या स्लॉटमधून दुसऱ्या पिढीत सेकंदास सुमारे ८ गिगाबाइट, तर तिसऱ्या पिढीत सुमारे १६ गिगाबाइट माहिती एका दिशेने जाते. मेख आहे ती स्वस्त कार्डांत. एएमडीचे २०२२ सालचे आरएक्स ६४०० हे कार्ड दिसावयास लांब स्लॉटचे असले तरी सोळांपैकी चारच मार्गिका वापरते. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्यास सुमारे ८ गिगाबाइट मिळतात, पण दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये तेच २ गिगाबाइटवर येते. म्हणजे जे कार्ड जुन्या यंत्रांसाठी स्वस्त म्हणून सुचवले जाते, त्याचेच नुकसान जुन्या यंत्रात सर्वाधिक. त्यात व्हिडिओ तयार करताना लागणारी एन्कोडिंगची सोयही नाही. संपादनासाठी कार्ड घेणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे.

आता विजेकडे वळू. बहुतेक खरेदी फसते ती येथे. स्लॉट स्वतः कार्डास जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकतो. त्यातही १२ व्होल्टच्या वाटेने सुमारे ६६ वॅट व बाकीचे ३.३ व्होल्टच्या वाटेने. याहून अधिक लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसपासून निराळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची वायर ७५ वॅटची व आठ पिनांची १५० वॅटची धरतात. कचेरीतल्या यंत्रांच्या एसएमपीएसला अशी वायर बहुधा नसतेच. काही निर्मात्यांनी लहान यंत्रांच्या पुस्तिकेत स्लॉटसाठी ७५ वॅटांहूनही कमी मर्यादा घातलेली असते. पुस्तिका निर्मात्याच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते व ती वाचण्यास दहा मिनिटे पुरतात.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हा एकूण बेरजेचा असतो. कार्ड आणि प्रोसेसर यांना लागते ती मुख्यतः १२ व्होल्टची वीज. लेबलावरील तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून गुणाकार करावा. समजा तेथे १८ अँपिअर आहेत, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. पेटीवर ४०० लिहिलेले असले तरी आपल्या उपयोगाचे २१६ च. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास हे पटकन कळावे: ताळेबंदातील एकूण मालमत्ता मोठी असली तरी उद्याचे बिल हातातील रोकडीतूनच भागवायचे असते.

आपल्या उदाहरणाचा हिशेब मांडू. ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये आय५-३४७० हा प्रोसेसर असेल तर त्याचे ७७ वॅट. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे मिळून ५० धरू. एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे कार्ड ७५ वॅटचे. बेरीज २०२. मोठ्या कॅबिनेटच्या २७५ वॅटमध्ये हे बसते व थोडी शिल्लकही राहते. लहान कॅबिनेटच्या २४० मध्ये बसते खरे, पण ओढाताणीने. आणि ते यंत्र दहा-बारा वर्षे वापरलेले आहे हेही धरावयास हवे. माझ्या मते तेथे कमी वॅटांचेच कार्ड बरे. आणखी एक गोष्ट: जीटीएक्स १६५० याच नावाची काही कार्डे त्यांच्या निर्मात्यांनी सहा पिनांची वायर लागेल अशी बनविली आहेत. तेव्हा नाव पाहून नव्हे, कार्डाचा माथा पाहून खरेदी करावी.

वायर नसेल तर बाजारात वीस-पंचवीस प्रकारचे जोड मिळतात. त्यांतला डिस्कच्या साटा वायरीपासून सहा पिना काढून देणारा जोड अजिबात घेऊ नये. साटाच्या प्लगात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजेच ५४ वॅट. सहा पिनांचे कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकते. उरलेल्या २१ वॅटांचा भार प्लास्टिकच्या प्लगवर पडतो आणि तो तापून वितळू शकतो. एसएमपीएसच बदलू म्हणावे, तर काही मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत मदरबोर्डास जाणारा प्लग बाजारातील २४ पिनांचा नसून त्यांचा स्वतःचा असतो. ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये तो आठ पिनांचा आहे. जोड मिळतो, पण खर्चात आणखी एक ओळ वाढते.

कॅबिनेटचे माप टेपने घ्यावे. चपट्या कॅबिनेटमध्ये कमी उंचीचेच कार्ड मावते व त्याची आखूड पट्टी खोक्यात आहे का हे विचारून घ्यावे. कार्ड दोन स्लॉटांची जाडी घेणारे असेल तर पंख्याच्या बाजूला जागा आहे की एसएमपीएसची भिंत, हे डोळ्यांनी पाहावे.

कार्ड बसले, वीज पुरली, तरी ड्रायव्हर हवा. एनव्हिडियाने मॅक्सवेल व पास्कल या पिढ्यांच्या कार्डांसाठी नव्या सुधारणा देणे २०२५ मध्ये थांबविले. यापुढे केवळ सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या. ३० वॅटचे, म्हणून जुन्या यंत्रांचे लाडके झालेले जीटी १०३० यातच येते. इंटेलचे आर्क ए३८० हे ७५ वॅटचे कार्ड किमतीच्या मानाने चांगले, पण त्यास मदरबोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय लागते. २०१२ च्या यंत्रात ती नाही, आणि तिच्यावाचून कार्डाचा वेग बराच घटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ गिगाबाइटवाले रूप ७० वॅटचे आहे; मोठ्या कॅबिनेटसाठी मला तेच सर्वांत हिशेबी वाटते, मात्र बायोसमध्ये यूईएफआय चालू असल्याची खात्री करून. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला सामान्यतः इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढील प्रोसेसर हवा असतो. आय५-३४७० तिसऱ्या पिढीचा. लिनक्स वापरणाऱ्यास ही अडचण नाही.

मॉनिटर जुना व केवळ व्हीजीएचा असेल तर तेही पाहावे. आताची कार्डे ॲनालॉग संकेत देतच नाहीत. साधा पिना बदलणारा जोड चालत नाही. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

आता खर्च मांडताना कार्डाच्या किमतीखाली एसएमपीएस, जोड, कन्व्हर्टर व बसविण्याची मजुरी या ओळी लिहाव्यात. त्यांची बेरीज जुन्या संगणकाच्या किमतीहून अधिक झाली तर नव्या पिढीचा सेकंडहॅण्ड संगणकच घेणे परवडते. जुना विकून येतील ते पैसे वजा करून पाहिले म्हणजे आकडा स्पष्ट होतो.

कार्ड सेकंडहॅण्ड घेणार असल्यास एक शेवटची तपासणी. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचा धंदा बरीच वर्षे चालू आहे. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम २०१८ पासून एनव्हिडियाची अशी बनावट कार्डे ओळखतो व नावाआधी 'फेक' असा शब्द दाखवितो. दुकानात तो चालवून पाहावा, शक्य तर स्वतःचेच कॅबिनेट सोबत नेऊन. आणि अर्धा तास भार देऊन कार्ड चालले, तरच पाकीट उघडावे.