ब्लॉगसाठी जागा निवडताना : गाळा कुणाचा, किल्ली कुणाकडे?

हिंगणघाटचा कापूस, समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद, आर्वीकडील गवळाऊ गायी यांच्यामुळे वर्धा जिल्ह्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. माल प्रसिद्ध आहे. परंतु तो माल विकणाऱ्या लहान दुकानदाराला तालुक्याबाहेर कुणी ओळखत नाही. ही ओळख करून देण्याचे एक स्वस्त साधन म्हणजे ब्लॉग. आपले लेख, मालाची माहिती, भाव आणि छायाचित्रे तारीखवार मांडून ठेवण्याची इंटरनेटवरील वही, असा त्याचा सोपा अर्थ सांगता येईल.

हा विषय वर्ध्याला नवा नाही. येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात २०१० साली आणि पुन्हा २०१३ साली ब्लॉगलेखनावर राष्ट्रीय चर्चासत्रे झाली. देशभरातील लिहिणारी मंडळी त्यासाठी वर्ध्याला आली होती. हिंदी ब्लॉग एकत्र दाखविणारे 'ब्लॉगवाणी' आणि 'चिट्ठाजगत' हे मंच एके काळी ब्लॉग लिहिणाऱ्यांमध्ये चांगलेच परिचित होते. आज दोन्ही अस्तित्वात नाहीत. प्रस्तुत लेखातील सर्व तुलनेचे सार याच घटनेत आहे. लेखकाने किंवा व्यापाऱ्याने आपली वही कुणाच्या घरी ठेवली आहे, याचा विचार पहिल्या दिवशीच केला पाहिजे.

बंद पडलेली दुकाने

मोठी कंपनी आहे म्हणजे ती कायम टिकेल, हा समज चुकीचा आहे. याहूची 'जिओसिटीज' ही सेवा २००९ मध्ये बंद झाली. 'पोस्टरस' ३० एप्रिल २०१३ रोजी बंद झाले. आपल्याकडे अतिशय लोकप्रिय असलेले 'ऑर्कुट' गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. 'टिकटॉक'वर भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली आणि त्यावर उभे राहिलेले अनेकांचे धंदे एका रात्रीत बसले. २००३ पासून चालू असलेले 'टाइपपॅड' हे पैसे घेऊन सेवा देणारे स्थळसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाले. म्हणजे पैसे भरले की निश्चिंत झालो, असेही नाही.

म्हणून कोणताही मंच निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पत्ता कुणाच्या नावावर आहे? मजकुराची प्रत आपल्याला काढून नेता येते काय? आणि आपल्या पानावर कुणाच्या जाहिराती लागतील?

चार प्रकारच्या जागा

१) फेसबुक पान व व्हॉट्सॲप : ही आठवडी बाजारातील पालाची जागा आहे. गर्दी तयार असते, भाडे नाही आणि आजच्या आज बोहनी होते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची यादी छायाचित्रांसह लावता येते. परंतु जुना मजकूर खाली जातो व शोधूनही सापडत नाही. आपले लिखाण किती जणांना दाखवायचे, हे फेसबुक ठरविते. खाते बंद झाले तर ग्राहकांची यादीही गेली. नवा माल आला हे कळविण्यास ही जागा उत्तम, पण दुकानाचे दप्तर येथे ठेवू नये.

२) ब्लॉगर : ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली व २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. जागा फुकट आहे. स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील स्वतःच्या नावाचा पत्ता, घेतल्यास तो जोडण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. सर्व मजकुराची प्रत उतरवून घेता येते. आपण स्वतः परवानगी दिल्याखेरीज जाहिराती लागत नाहीत. उणीव अशी की सजावटीला आणि विक्रीच्या सोयींना मर्यादा आहेत. तसेच दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. हा फुकट मिळालेला गाळा आहे. गाळा मालकाचा, पण पाटी आपल्या नावाची लावता येते.

३) वर्डप्रेस डॉट कॉम : येथे मोफत खाते मिळते, परंतु पत्त्यात कंपनीचे नाव राहते आणि कंपनी आपल्या पानावर जाहिराती लावते. स्वतःच्या नावाचा पत्ता जोडायचा तर दरवर्षी पैसे भरावे लागतात. मांडणी सुबक असते व देखभालीची डोकेदुखी नसते.

४) स्वतःचे होस्टिंग व वर्डप्रेस : पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. वर्डप्रेस या नावाचे सॉफ्टवेअर २००३ पासून सर्वांसाठी मोफत आहे. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे त्यावर चालतात. ते आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर बसवायचे असते. होस्टिंगचे भाडे पहिल्या वर्षी कमी सांगतात आणि नूतनीकरणाच्या वेळी दर चढतो, म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारावा. येथे कुलूप आपले, किल्ली आपली. पण गळके छप्परही आपणच दुरुस्त करायचे. सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत केले नाही तर चोर घुसतात. मात्र भाडेकरार बदलायचा झाल्यास सगळे सामान उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते. ही सोय दुसऱ्या कोणत्याही जागेत इतकी पूर्ण नाही.

यांखेरीज 'सबस्टॅक' ही सेवा लेख थेट वाचकांच्या ई-मेलवर पाठविते व सशुल्क वर्गणीतून १० टक्के स्वतः ठेवते. पत्रकार व अभ्यासकांना ती उपयोगी आहे. किराणा किंवा कापडाच्या दुकानाला तिचा फारसा उपयोग नाही.

एक उदाहरण

समजा, हिंगणघाटच्या एखाद्या तरुणाला हळद पॅकिंग करून नागपूर-पुण्यापर्यंत विकायची आहे. त्याने काय करावे? प्रथम डोमेन घ्यावे. डॉट इन पत्त्याचा खर्च सर्वसाधारणपणे वर्षाला काही शे ते हजार-दीड हजार रुपये येतो. २०१४ पासून देवनागरी लिपीतील 'डॉट भारत' पत्ताही मिळतो. मग तो पत्ता ब्लॉगरला जोडून सहा महिने लिहून पाहावे. हळद केव्हा काढली, कशी उकडली, कशी वाळविली, कशी दळली, याची छायाचित्रांसह माहिती द्यावी. प्रत्येक लेखाचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवावा. मागणी वाढली व पैसे ऑनलाइन घ्यायची वेळ आली की तोच पत्ता स्वतःच्या होस्टिंगवर न्यावा. पत्ता तोच राहिल्यामुळे जुने ग्राहक चुकत नाहीत. पाल, फुकटचा गाळा आणि मग स्वतःचे दुकान, असा हा क्रम आहे.

येथे कायद्याचे भानही ठेवावे. वायगाव हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चेन्नई येथील नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनाच ते मानांकन आपल्या मालावर लावता येते. बाहेरची हळद त्या नावाने विकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय धोकाही आहे. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी हवी. ऑनलाइन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता व तक्रार कुठे करावी हे पानावर द्यावे, असे ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

वैयक्तिक लेखनासाठी

शिक्षक, कवी, विद्यार्थी किंवा घरगुती पाककृती लिहिणाऱ्या भगिनींनी खर्चात पडू नये. ब्लॉगर पुरेसे आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. छापखान्यात श्रीलिपी किंवा आकृती फॉन्टमध्ये जुळविलेला मजकूर जसाच्या तसा टाकल्यास वाचकाला चित्रविचित्र अक्षरे दिसतात आणि शोध घेणाऱ्याला तो सापडत नाही. त्याचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे. उर्दू मजकूरही युनिकोडमध्ये नीट बसतो.

चार सावधगिरीच्या गोष्टी

डोमेन स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घ्यावे. संकेतस्थळ करून देणारा मुलगा ते स्वतःच्या नावे घेतो आणि दोन वर्षांनी तो गाव सोडून गेला की दुकानदार हात चोळत बसतो. दुसरे, दर महिन्याला मजकुराची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवावी आणि छायाचित्रांच्या मूळ प्रती वेगळ्या जपाव्यात. तिसरे, नूतनीकरणाची तारीख दुकानातील कॅलेंडरवर लिहावी. चौथे, गूगलच्या ॲडसेन्समधून जाहिराती घेतल्यास नको त्या वर्गांच्या जाहिराती रोखण्याची सोय आधी पाहून घ्यावी. जुगार किंवा व्याजी कर्जाची जाहिरात आपल्या पानावर लागली, तर वाचक ती आपलीच समजतो आणि त्या उत्पन्नाचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

शेवटी

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, २८२) ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण विसरतो. तोंडी बोलण्यापेक्षा लिहिलेले टिकते, हा धडा व्यापाऱ्यांना तिथूनच मिळाला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल बाहेर काढली व भिजलेले धान्य वर, लोकांना दिसेल असे ठेवण्यास सांगितले, हेही आपणास ठाऊक आहे. ब्लॉग हा असाच एक ढीग आहे. ग्राहक नागपुरात आहे, तो हात घालून पाहू शकत नाही. म्हणून मालातील उणीव आपणच वर ठेवली पाहिजे. यंदाची हळद रंगाने फिकी आहे, असे लिहिणाऱ्या दुकानदाराकडे ग्राहक पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

मंच बदलतील, कंपन्या बंद पडतील. पत्ता आपल्या नावाचा, प्रत आपल्या कपाटात आणि मजकूर खरा असेल, तर इन्शाअल्लाह दुकान चालू राहील.