उपद्रवी जीव आणि दयेचे माप

पारध्यांपुढून जीव घेऊन पळालेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या गुडघ्याखाली दडला आणि शरण आलेला तो जीव स्वामींनी पारध्यांच्या हाती दिला नाही, ही लीळा पंथातील लहानथोरांस परिचित आहे. तिचे निरूपण चालू असता एक शंका हटकून निघते. ससा निरपराध होता. पण कणगी पोखरणाऱ्या उंदराचे काय?

शंका क्षुल्लक नाही. उंदीर व घुशी धान्य खातात आणि उरलेले मलमूत्राने नासवतात. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगशी उंदरांचा संबंध होता. जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याच शहरात लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. त्या रोगाचे जंतूही उंदरांच्या मूत्रातून पसरतात. ज्या वासनिकाच्या घरी पाळण्यात मूल आहे, त्यास केवळ ‘सोसा’ म्हणून भागत नाही. संचय न करणाऱ्या भिक्षूपुढे हा प्रश्न सहसा येत नाही. (मठांतून आज कोठ्या आहेत, हेही खरे.)

यावर सुज्ञ म्हणतात, ‘मारावे, पण हाल न करता.’ येथे दोन कर्मे वेगळी ओळखली पाहिजेत. प्राण हरणे हे एक, यातना देणे हे दुसरे. दुसरे टाळल्याने पहिले फिटत नाही; पण पहिले घडणारच म्हणून दुसऱ्याची मोकळीक मिळते, असेही नव्हे.

आता प्रचारातील उपाय पाहावेत. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर आत रक्तस्राव होत काही दिवसांनी बिळात मरतो. चिकट फळ्यावर अडकलेला सुटण्याच्या धडपडीत स्वतःचे कातडे फाडतो आणि तहानेने, दमाने तासन् तास मरत राहतो. म्हणूनच भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने अशा फळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवणे तर घरोघर चालते, आणि उंदीर पट्टीचा पोहणारा आहे! याउलट दणकट कमानीचा चाप मानेवर नीट बसला, तर क्षणात प्राण जातो. तरी चाप क्रूर वाटतो आणि विषाची वडी सौम्य, कारण चापात रक्त दिसते व बिळातले दिसत नाही. म्हणजे दया येथे मारणाऱ्याच्या डोळ्यांवर केली जाते, उंदरावर नव्हे. पिंजऱ्यातला उंदीर दूरच्या रानात सोडणेही निर्दोष नाही. अनोळखी जागी तो बहुधा तगत नाही, किंवा शेजाऱ्याची कणगी गाठतो.

दोषाचा आरंभ मात्र याही आधी होतो. रात्री उष्टी भांडी पसरलेली, दाराखाली फट, कोठीला झाकण नाही. असे आमंत्रण देऊन आलेल्यास मारणे याला आत्मरक्षण म्हणता येत नाही. लहान उंदीर करंगळीएवढ्या भोकातूनही शिरतो. मादी तीन आठवड्यांत विते. तेव्हा अन्न उघडे ठेवून दहा मारले, तर दहांची जागा रिकामी होते, एवढेच. फटी बुजवाव्या, दाराच्या तळाशी पत्रा ठोकावा, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे. शेतात गव्हाणी घुबडास बसण्यापुरता खांब रोवावा. विष घातलेल्या शेतात मात्र नको, कारण विषारी उंदीर खाऊन घुबडही मरते.

इतके करूनही चाप लावणे भाग पडलेच, तर तो भिंतीलगत, मुले व पाखरे पोचणार नाहीत असा लावावा. ज्याने लावला त्यानेच तो पहाटे पाहावा. गड्याकरवी किंवा मुलाकरवी उचलवू नये.