फोर्कलिफ्टला सॉलिड टायर घ्यावेत का?

प्रश्न : आमच्या मशीनशॉपमध्ये 3 टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे. टर्निंगच्या चिप्स घुसून टायर सारखे पंक्चर होतात. सगळे म्हणतात, सॉलिड बसवून टाका. चौकशी केली तर त्यातही काळे, पांढरे, लोखंडी रिंगवाले असे प्रकार निघाले, आणि किंमतही हवेच्या टायरपेक्षा बरीच जास्त. नेमके कोणते घ्यावेत?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : जिथे चिप्स पडतात तिथे सॉलिडच घ्या. पंक्चरमुळे गाडी उभी राहते तेव्हा लाइनही थांबते. तो खर्च धरला की किंमत तेवढी टोचत नाही.

तुमच्या कामाचा प्रकार म्हणजे ‘रेझिलियंट’. हा टायर आडवा कापून पाहिला तर तीन थर दिसतात : रिमला घट्ट धरणारा कडक थर, त्यातच पोलादी तारांची कडी; मधला मऊ, धक्का झेलणारा; आणि वरचा, जमिनीवर झिजणारा. फोर्कलिफ्टला सस्पेन्शन नसते, त्यामुळे मधला थर महत्त्वाचा. हे टायर हवेच्या टायरच्याच रिमवर बसतात; मात्र रिम कोणत्या प्रकारची आहे ते दुकानदाराला आधी दाखवा. लोखंडी रिंगवाला ‘प्रेस-ऑन’ टायर वेगळ्या चाकासाठी असतो आणि गुळगुळीत फरशीवरच शोभतो. पॅलेट ट्रक, रीच ट्रक यांना पॉलियुरेथेनची चाके असतात.

काळ्या रबरात काजळी असते, तिचेच डाग फरशीवर उमटतात. पांढऱ्यात तिच्याऐवजी सिलिका घालतात. औषधे किंवा खाद्यपदार्थांच्या गोदामात तो हवाच. तुमच्या तेलकट फरशीवर त्यासाठी जादा पैसे कशाला? शिवाय साधा पांढरा टायर स्थिर वीज जमिनीत उतरू देत नाही. रंग, सॉल्व्हंट हाताळत असाल तर अँटीस्टॅटिकच मागा.

साइज जुन्या टायरवर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. 3 टनी गाडीला बहुधा पुढे 28×9-15 आणि मागे 6.50-10 असतो. माल उचलला की एकूण वजनाचा 80 ते 90 टक्के भार पुढच्या ॲक्सलवर येतो, म्हणून पुढचे दोन्ही टायर एकदमच बदला. समजा, दोन चाकांत 1 मीटर अंतर आहे आणि एक बाजू 2 सेंमीने खाली बसली. 4 मीटरवर नेलेला पॅलेट 8 सेंमी बाजूला सरकेल. भरल्या मालाला एवढा कल धोक्याचा.

सॉलिडचा वैरी म्हणजे उष्णता. जाड रबर आतून तापते आणि लवकर निवत नाही. माल घेऊन एका युनिटमधून दुसऱ्यात सलग लांब फेऱ्या मारल्या तर थर सुटू लागतात. ते काम ट्रॉलीला द्या. बसवताना हातोडा नको, हायड्रॉलिक प्रेसच हवा. आणि फरशी रोज झाडा. चिप्सने सॉलिड पंक्चर होत नाही, पण त्याचे तुकडे निघतात.

बऱ्याच टायरच्या बाजूवर झिजेची रेघ कोरलेली असते. रबर तिथपर्यंत आले की टायर बदला. ‘अजून महिनाभर चालेल’ या हिशेबावर माणसांच्या डोक्यावरून माल नेऊ नका.