आईनं ठरवलं तर युद्धं थांबतील?

प्रश्न : आमचं घर सातारा जिल्ह्यातलं. सासरे सैन्यातून निवृत्त झालेले. माझा मुलगा सातवीत आहे. शाळेत मारामारी करून आला की घरातले मोठे पहिला प्रश्न विचारतात, "मार खाऊन तर नाही ना आलास?" टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की तो हलत नाही. मागे आमच्या महिला मंडळात व्याख्यानाला आलेल्या बाई म्हणाल्या, की पुरुषाला जन्म देते बाई आणि वाढवतेही बाईच. आयांनी मनावर घेतलं तर जगात युद्धं होणारच नाहीत. हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर आजवर का झालं नाही?
– एक वाचक

उत्तर : आजवर झालं नाही, कारण ते म्हणणं अर्धंच खरं आहे. मुलाला वाढवते बहुतेक ठिकाणी आई. पण तो 'मर्द' झाला की नाही याचा निकाल तिच्या हातात नसतो. तो लावतात बाप, काका, गल्लीतली मोठी पोरं, वर्गातले मित्र आणि पुढे एखाद्याच्या बाबतीत पलटण, टोळी किंवा पक्ष. आईनं बारा वर्षं शिकवलेलं मित्रांच्या एका हसण्यानं पुसलं जातं, हे तुम्ही घरात पाहत असालच. म्हणून जगातल्या युद्धांचा हिशेब आयांकडे मागणं मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. युद्ध पुकारणाऱ्यांच्या बैठकीला तिला कुणी बोलावलेलं नसतं.

तरीही बाईकडे एक गोष्ट असते आणि तिची ताकद फार मोठी आहे. पुरुषाला लाज कशाची वाटावी, हे ठरवण्यात तिच्या शब्दाला वजन असतं.

जोशुआ गोल्डस्टीन या अमेरिकन अभ्यासकानं २००१ साली युद्ध आणि स्त्री-पुरुषभाव यांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. माणसाला माणूस मारणं सहजासहजी जमत नाही, असं तो म्हणतो. ते जमावं म्हणून समाज मुलग्यांना लहानपणापासून कठोर करतो. रडू नको, घाबरू नको, माघार घेऊ नको. पुरुषपण जन्मानं मिळत नाही, ते सिद्ध करावं लागतं, असं त्यांच्या मनावर बिंबवलं जातं; आणि सिद्ध न करणाऱ्याच्या वाट्याला लाज येते. ही लाज बाईसमोर वाटली तर सर्वांत जास्त बोचते. युद्ध चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

याचं उघडंनागडं उदाहरण म्हणजे १९१४ सालचं इंग्लंड. इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरून महिनाही झाला नव्हता. सक्तीची सैन्यभरती तेव्हा तिथं नव्हती, ती १९१६ मध्ये आली. माणसं तर हवी होती. फोकस्टन या किनाऱ्यावरच्या गावात चार्ल्स फिट्झजेराल्ड नावाच्या निवृत्त ॲडमिरलनं तीस बायका गोळा केल्या आणि त्यांना काम दिलं : गणवेशात नसलेला तरुण दिसला की त्याच्या कोटावर पांढरं पीस खोचायचं. पांढरं पीस हे तिथं भित्रेपणाची खूण. कोंबड्यांच्या झुंजीत ज्याच्या शेपटीत पांढरं पीस तो हलक्या जातीचा, अशी जुनी समजूत होती. बघता बघता हे लोण देशभर पसरलं. रजेवर आलेल्या सैनिकांना पिसं मिळाली, मिसरूड न फुटलेल्या पोरांना मिळाली. गॅलिपोलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या एका खलाशालाही साध्या कपड्यांत असताना एका बाईनं पीस दिलं. शेवटी जखमी होऊन घरी परतलेल्यांना सरकारनं चांदीचा बिल्ला दिला. रस्त्यावरच्या अपमानातून वाचायला त्यांना तोच आधार झाला.

बायका जन्मतः शांतिप्रिय असतात, हे म्हणणं या पिसांपुढे टिकत नाही. त्याच देशात मताधिकारासाठी तुरुंगवास भोगलेल्या एमेलीन पँकहर्स्ट सैन्यभरतीचा प्रचार करत होत्या आणि त्यांची मुलगी सिल्व्हिया युद्धाला ठाम विरोध करत होती. एका घरातल्या मायलेकी. १९१५ मध्ये हेगला अकराशेहून अधिक बायका युद्ध थांबवा म्हणायला जमल्या, तेव्हा इंग्लंडहून निघू पाहणाऱ्या बहुतेकींना सरकारनं जाऊच दिलं नाही.

आपल्याकडे पिसं नव्हती, बांगड्या आहेत. अधिकाऱ्यानं काम केलं नाही, मंत्र्यानं कच खाल्ली, की महिला आघाडी 'बांगड्यांचा आहेर' घेऊन कचेरीवर जाते. फोटो छापून येतात, कुणाला काही वावगं वाटत नाही. पण त्या आहेराचा अर्थ काय? बाई असणं ही लाजेची गोष्ट आहे, हे आपल्याच हातातल्या बांगड्या काढून पुरुषाला सांगायचं. समोर उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा हे पाहतो आणि जन्मभराचा धडा घेतो. जिच्यासारखं होणं लाजिरवाणं, तिच्यावर हात उचलणं त्याला अवघड का वाटावं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी नवऱ्यानं बायकोला मारण्याचं एखादं तरी कारण योग्य असल्याचं सांगितलं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. मारणारा हात पुरुषाचा असला, तरी मारण्याला मान्यता घरातले सगळे मिळून देतात.

बाईनं लाजवून पुरुषाला लढायला लावण्याची परंपरा जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुला भेटते. सिंधुराजाकडून हरून अंथरुणाला खिळलेल्या आपल्या मुलाला ती असे काही जळजळीत शब्द सुनावते, की तो उठून पुन्हा लढायला जातो. शिष्टाई फसल्यावर हस्तिनापुराहून परतणाऱ्या कृष्णाजवळ कुंती आपल्या मुलांसाठी निरोप देते, तो हीच गोष्ट सांगून. पुढे स्त्रीपर्वात रणभूमीवर प्रेतं ओळखत फिरणाऱ्या बायका येतात. व्यासांनी दोन्ही लिहिलं. आपण कीर्तनांतून, भाषणांतून पहिलंच जास्त ऐकत आलो.

तुम्ही साताऱ्याच्या, तेव्हा मनात जिजाऊ आल्याच असतील. वीरमाता म्हणताना आपण त्यांच्या मुलाच्या हातची तलवारच आठवतो, ही आपली मोठी चूक आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र मला कुठल्याही लढाईइतकंच मोलाचं वाटतं. रयतेकडून दाणा, गवत, भाजीपाला जुलमानं घेतलात तर लोकांना मोगल बरे वाटतील, अशी कडक ताकीद त्यात आहे. आणि महाराजांवर सडकून टीका करणाऱ्या खाफीखान या मोगल इतिहासकारालाही, हाती लागलेल्या बायकांना उपद्रव होऊ न देण्याचा त्यांचा दंडक नोंदवावा लागला. शस्त्र हाती असलेल्या माणसाला मर्यादा असते, हा मराठी पुरुषाचा वारसा आहे. तुमच्या सासऱ्यांनाही सैन्यात शिस्त म्हणजे काय ते नेमकं माहीत असणार. सैनिक असणं वेगळं, हिंसक असणं वेगळं.

आता एका आईबद्दल सविस्तर सांगते. केथे कोल्विट्झ ही जर्मन चित्रकार. नवरा कार्ल बर्लिनच्या कष्टकरी वस्तीत डॉक्टर. १९१४ मध्ये अठरा वर्षांचा धाकटा मुलगा पीटर सैन्यात जायचं म्हणाला. वय कमी, म्हणून वडिलांची परवानगी लागणार होती. कार्लनं नकार दिला. तेव्हा केथेनंच मुलाची बाजू घेऊन नवऱ्याला राजी केलं. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये मारला गेला.

त्याच्या स्मारकाचं काम तिनं अनेक वर्षं केलं, मोडलं, पुन्हा केलं. १९३२ मध्ये ते बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत उभं राहिलं : गुडघे टेकलेले आई आणि बाप, दोघांना तिनं आपले आणि कार्लचे चेहरे दिलेले. सैनिकाचा पुतळा त्यात नाही. पुढच्या महायुद्धात तिनं एक शिळामुद्रण केलं. त्यात एक म्हातारी आई आपल्या अंगरख्याखाली मुलग्यांना दाबून धरते आहे आणि ते खोडकरपणे बाहेर डोकावताहेत, कारण त्यांना जायचंच आहे. बियाणं दळायचं नसतं, अशा अर्थाचं नाव तिनं त्या चित्राला दिलं. पेरणीसाठी राखलेलं बी कितीही नड आली तरी जात्यात घालायचं नसतं, हे आपल्या शेतकरी घरांना वेगळं सांगायला नको. १९४२ मध्ये तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचंही नाव पीटरच होतं.

ज्या बाईला हे सगळं कळलं होतं, तिलाही तो नातू वाचवता आला नाही. एकटीच्या संस्कारांची मर्यादा इथं दिसते. बायका एकत्र आल्या, तेव्हा मात्र वेगळं घडलेलं आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात १९८९ पासून अधूनमधून यादवी चालली होती. कोवळ्या पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या होत्या. अशा पोरांना पुन्हा माणसांत आणण्याचं काम लेमा बोवी ही तरुण आई करत होती. २००३ मध्ये तिच्या पुढाकारानं ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियाच्या मासळीबाजारापाशी रोज ठाण मांडून बसू लागल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरची गाडी त्याच रस्त्यानं जायची. शांतता-बोलणी घानाची राजधानी आक्रा इथं रेंगाळली, तेव्हा बायकांनी सभागृहाच्या दारातच हातांत हात गुंफून वाट अडवली. तडजोड झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पहारेकरी अटक करायला आले, तसं बोवीनं अंगावरचे कपडे उतरवायची धमकी दिली. आईच्या वयाच्या बाईला असं पाहावं लागणं हा तिथं पुरुषावरचा शाप मानतात. पहारेकरी थांबले. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. २०११ च्या शांततेच्या नोबेलमध्ये बोवीचा वाटा होता.

पुढच्याच वर्षी, जुलै २००४ मध्ये, आपल्या मणिपुरात इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा आयांनी निर्वस्त्र होऊन निदर्शनं केली. थांगजाम मनोरमा या तरुणीच्या हत्येविरुद्धचा तो संताप होता. फोकस्टनच्या बायकांनी न लढणाऱ्याला लाजवलं; या बायकांनी मारणाऱ्याला लाजवलं. फार मोठी किंमत मोजून.

तुमच्या मुलाकडे वळते. "मार खाऊन तर नाही ना आलास?" हे घरातलं पांढरं पीसच आहे. त्याऐवजी भांडण कशावरून झालं, त्याला कुठं लागलं आणि समोरच्याला कुठं लागलं, हे तिन्ही प्रश्न विचारा. शेवटचा विसरू नका. तो रडला तर त्याच्याजवळ त्याच्या वडिलांनी बसावं. आईनं डोळे पुसले की रडणं हे बायकांचं खातं ठरतं. मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये २००८ पासून काही संस्थांनी सहावी-सातवीच्या मुलामुलींशी स्त्री-पुरुष भेद आणि हिंसा यांवर वर्गातच गप्पा सुरू केल्या होत्या. ते वय मुद्दाम निवडलं होतं. मुंबईत 'मावा' ही पुरुषांनीच चालवलेली संघटना १९९३ पासून तरुण मुलग्यांशी याच विषयावर बोलते आहे. तुमच्या शाळेच्या पालकसभेत असं काही सुरू करा म्हणून मागणी करा.

आणि सासऱ्यांना गळ घाला. टीव्हीवरचं युद्ध नातू रोज पाहतो. भीती कशी वाटते, गेलेल्या सोबत्याच्या घरच्यांना काय सांगायचं असतं, जिंकल्यावरही काय उरतं, हे सैन्यात आयुष्य काढलेल्या आजोबांनी त्याला सांगावं. तुमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, तिथला स्मृतिस्तंभ त्याला दाखवायला त्यांनीच घेऊन जावं. महिला मंडळात यावर पुन्हा बैठक घ्याल, तेव्हा पुढच्या रांगा पुरुषांसाठी राखा आणि त्यांना आग्रहानं बोलवा. इतकी वर्षं हे व्याख्यान फक्त बायकांनाच ऐकवलं गेलं आहे.